लॅपटॉपची स्क्रीन घेताना नाव सोडा, आकडे विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी लॅपटॉपची चौकशी सुरू होते आणि तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ‘एचडी आणि फुल एचडीत खरंच फरक दिसतो का?’ ‘पंधरा इंची फुल एचडी घेऊ की चौदा इंची २.८के?’ ‘जाहिरातीत ४के लिहिलंय आणि किंमत इतकी कमी, हे कसं काय?’ ‘मुलाने भारी स्क्रीनचा लॅपटॉप आणून दिला, पण अक्षरं इतकी बारीक की वाचवत नाहीत, आता काय करू?’

प्रश्न चार दिसले तरी गोंधळ एकच आहे. कंपन्या स्क्रीनला नावं देतात आणि तुम्ही नावावर विश्वास ठेवता. नावांना शिस्त नाही, आकड्यांना आहे. दुकानदाराकडून किंवा वेबसाइटवरून दोनच आकडे नीट मिळवलेत तर अर्धा निर्णय तिथेच होतो. उरलेला अर्धा रिझोल्यूशनशी संबंधित नसतोच, आणि बहुतेकांची फसगत होते ती त्यातच.

आधी एवढंच समजून घ्या

रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत तो हिशेब. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १९२०×१०८० असं लिहिलं असेल तर आडव्या ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, म्हणजे सगळे मिळून सुमारे २० लाख ७४ हजार.

इंच ही वेगळी गोष्ट आहे. १५.६ इंच हे एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. त्यावरून ठिपके किती हे कळत नाही. ठिपक्यांची रांगोळी जशी तेवढ्याच ठिपक्यांत छोट्या उंबऱ्यापाशीही मावते आणि मोठ्या अंगणातही पसरते, तसंच इथे आहे. त्याच १९२०×१०८० ठिपक्यांची १४ इंची स्क्रीन घेतलीत तर एका इंचात साधारण १५७ ठिपके बसतात, १५.६ इंचीत १४१ आणि १७.३ इंचीत १२७. स्पेसिफिकेशनमध्ये या घनतेला पीपीआय म्हणतात. अक्षर किती रेखीव दिसेल हे या आकड्यावर ठरतं.

नावं आणि त्यामागचे आकडे

- एचडी: लॅपटॉपच्या बाजारात १३६६×७६८. टीव्हीच्या भाषेत एचडी म्हणजे १२८०×७२०, पण लॅपटॉपवर ते क्वचितच दिसतं.
- एचडी प्लस: १६००×९००. आता जुन्या मशीनवरच सापडतं.
- एफएचडी किंवा फुल एचडी: १९२०×१०८०.
- डब्ल्यूयूएक्सजीए: १९२०×१२००. नाव बोजड आहे, पण ही फुल एचडीच, फक्त थोडी उंच. काही जण हिलाच एफएचडी प्लस म्हणतात.
- क्यूएचडी: २५६०×१४४०. तिची उंच बहीण डब्ल्यूक्यूएक्सजीए: २५६०×१६००. ‘२.५के’ दोघींनाही म्हटलं जातं.
- २.८के: बहुतेक वेळा २८८०×१८००.
- ४के किंवा यूएचडी: ३८४०×२१६०. उंच स्क्रीनवर ३८४०×२४००.

या ‘के’वर फार विसंबू नका. तो आडव्या ठिपक्यांचा ढोबळ हजारांतला आकडा आहे. ‘२के’ तर कोणी १९२०साठी वापरतो, कोणी २५६०साठी. अॅपलचं ‘रेटिना’ हेही एका ठरावीक रिझोल्यूशनचं नाव नाही. २०१२ साली पहिला रेटिना मॅकबुक प्रो आला तो १५.४ इंची आणि २८८०×१८०० होता. अलीकडच्या १३.६ इंची मॅकबुक एअरची स्क्रीन २५६०×१६६४ आहे आणि हा आकडा वरच्या यादीतल्या कुठल्याच नावात बसत नाही. म्हणून ‘याचं रिझोल्यूशन काय?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘फुल एचडी, साहेब’ असं येईल. ‘आडवे किती, उभे किती?’ असं विचारा.

‘एचडी’ आणि ‘४के’ भलत्याच ओळीत लपलेले असतात

जाहिरातीत हे शब्द दिसले म्हणजे ते स्क्रीनबद्दलच असतील असं नाही. नेहमी सापडणाऱ्या जागा अशा:

- कॅमेरा. ‘एफएचडी वेबकॅम’ म्हणजे तुमचा चेहरा समोरच्याला किती स्पष्ट दिसेल ते. तुम्हाला काय दिसेल याच्याशी त्याचा संबंध नाही.
- ग्राफिक्स. ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ हे ग्राफिक्सच्या चिपचं नाव आहे. हे नाव असलेल्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६×७६८ असू शकते.
- ‘४के सपोर्ट’. म्हणजे केबल लावून बाहेरच्या ४के टीव्हीवर चित्र पाठवता येतं. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीतलं ४के बहुधा हेच असतं.
- एचडीआर. हा उजेड आणि रंगांचा विषय आहे, ठिपक्यांचा नाही.

स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात फक्त ‘डिस्प्ले’ अशी ओळ शोधा. त्या ओळीत गुणिलेच्या चिन्हाचे आकडे नसतील तर ती माहिती अपुरी आहे असं समजा आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर मॉडेल शोधा.

१३६६×७६८ अजून विकलं जातं, तुम्ही घेऊ नका

नव्यांत अगदी स्वस्त लॅपटॉप, लहान क्रोमबुक आणि जुन्यांत ऑफिसमधून निघालेली मशीन, इथे ही स्क्रीन अजून भेटते. १५.६ इंचावर तिची घनता जेमतेम १०० भरते. इंग्रजी अक्षरं त्यावर कशीबशी निभावून जातात, देवनागरीचे हाल होतात. आपल्या लिपीत एका अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार, पोटात दुसरं अक्षर आणि पायाशी उकार असा ऐवज असतो. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘ऱ्या’ यांना तेवढ्या कमी ठिपक्यांत जागाच उरत नाही. घ आणि ध, भ आणि म यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. दिवसभर मराठी मजकूर वाचणाऱ्याने, टाइप करणाऱ्याने हा त्रास विकत घेऊ नये.

दुसरी अडचण उंचीची. ७६८ ओळींतून खालची टास्कबार, वरच्या टॅब आणि टूलबार वजा करा. वर्डमध्ये अर्धं पानही दिसत नाही, एक्सेलमध्ये सारखं वरखाली करत राहावं लागतं. काही प्रोग्रामच्या चौकटी तर इतक्या उंच असतात की ‘ओके’चं बटण स्क्रीनच्या खाली जातं.

‘विंडोज ११ चालतं की यावर!’ असं दुकानदार सांगेल आणि ते खोटं नाही. विंडोज ११ची किमान अट ७२० ओळींची आहे, त्यामुळे ७६८ त्यात बसतं. पण ती चालण्याची अट आहे, सोयीची नव्हे.

अपवाद दोन. दुकानातल्या गल्ल्यावर फक्त बिलं करायची असतील तर हरकत नाही. आणि ११.६ इंचाचा लहान लॅपटॉप असेल तर त्याच ठिपक्यांची घनता १३५पर्यंत जाते, अक्षरं बऱ्यापैकी येतात. जागा मात्र तिथेही कमीच पडते.

१६:९ की १६:१०?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि रोजच्या वापरात त्याचाच फरक जास्त जाणवतो. १९२०×१०८० हे १६:९ प्रमाण, १९२०×१२०० हे १६:१०. दुसऱ्यात उंचीला १२० ओळी जास्त मिळतात. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, कोडिंग, ब्राउझर हे सगळं वरून खाली वाचायचं काम असतं, तिथे या ओळी उपयोगी पडतात.

इंचांचा एक चकवाही इथे आहे. १६ इंचाची १६:१० स्क्रीन १५.६ इंचाच्या १६:९ स्क्रीनपेक्षा रुंद नसते. दोघींची रुंदी जवळपास ३४.५ सेंटिमीटरच. फक्त उंची १९.४वरून २१.५ सेंटिमीटरवर जाते. म्हणजे जुन्या बॅगेत नवा लॅपटॉप आडवा मावेल, उभा मावतोय का ते बघा.

सिनेमा पाहताना १६:१०वर वरखाली काळ्या पट्ट्या थोड्या जास्त दिसतात, एवढाच तोटा. किमतीत फार फरक नसेल तर १६:१० घ्या.

‘भारी स्क्रीन घेतली आणि अक्षरं बारीक झाली’

या तक्रारीचा उपाय सेटिंगमध्ये आहे, पण बहुतेक ठिकाणी चुकीचा केला जातो. घरातला कोणी हुशार भाचा येतो आणि रिझोल्यूशनच कमी करून देतो. अक्षरं मोठी होतात खरी, पण पुसट होतात. स्क्रीनवरचे ठिपके कारखान्यात बसवलेले असतात, ते कमी-जास्त होत नाहीत. रिझोल्यूशन उतरवलं की कमी ठिपक्यांचं चित्र जास्त ठिपक्यांवर ताणून बसवलं जातं आणि कडा विरघळतात. महाग स्क्रीन घेऊन ती स्वस्त स्क्रीनसारखी वापरण्याचा हा प्रकार.

योग्य पद्धत अशी:

1. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा.
2. ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’मध्ये ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तोच ठेवा. तोच तुमच्या स्क्रीनचा खरा आकडा.
3. त्याच पानावर ‘स्केल’ आहे. तिथे १०० टक्क्यांऐवजी १२५, १५० किंवा २०० निवडा. सगळं मोठं होतं, तरी रेखीव राहतं.
4. फक्त अक्षरंच मोठी हवी असतील तर ‘अॅक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टेक्स्ट साइझ’ वेगळं वाढवता येतं.

आता यातून निघणारी एक गोष्ट खरेदीआधीच लक्षात घ्या. जास्त रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर जास्त मजकूर मावणार, असं होत नाही. १४ इंची २८८०×१८०० स्क्रीन १०० टक्क्यांवर वापरणं जवळजवळ अशक्य असतं. ती २०० टक्क्यांवर ठेवलीत की मजकुराला जागा मिळते १४४०×९०० एवढीच. शेजारच्याची १५.६ इंची फुल एचडी १२५ टक्क्यांवर असेल तर त्याला १५३६×८६४ जागा मिळते. तुमच्या स्क्रीनवर मजकूर तेवढाच, पण अक्षरं कितीतरी धारदार. धार हवी असेल तर रिझोल्यूशनला पैसे द्या. जागा हवी असेल तर मोठी स्क्रीन घ्या किंवा घरी एक वेगळा मॉनिटर लावा.

जुन्या सॉफ्टवेअरशी मात्र या स्केलिंगचं पटत नाही. काही हिशेबाचे प्रोग्राम, जुनी टायपिंगची पॅकेजेस आणि वर्षानुवर्षं न बदललेले कार्यालयीन प्रोग्राम वाढीव स्केलवर एक तर धुरकट दिसतात नाही तर मुंगीएवढे. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, मग ‘प्रॉपर्टीज’, ‘कम्पॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथे जाऊन ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम एनहान्स्ड’ करून बघा. बऱ्याचदा सुधारतं, नेहमीच नाही. तुमचं पोट अशा एखाद्या प्रोग्रामवर अवलंबून असेल तर २.८के किंवा ४केच्या वाटेला न जाता फुल एचडीवर थांबणं शहाणपणाचं.

मग किती पुरेसं?

लॅपटॉप आपण डोळ्यांपासून साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर ठेवतो. चांगली नजर असलेल्या माणसालाही त्या अंतरावरून इंचाला पावणेदोनशेच्या पुढचे ठिपके वेगवेगळे ओळखणं कठीण जातं. १०० आणि १४१ यांतला फरक कोणालाही दिसेल. १६० आणि २४०मधला फरक अक्षरांच्या कडांवर, शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर जाणवतो. १५.६ इंची ४केची घनता २८२ होते. तिथे पैसे आणि बॅटरी जातात, डोळ्यांना फारसं काही मिळत नाही.

- कॉलेज, ऑफिस, घरचा सर्वसाधारण वापर: १४ इंची १९२०×१२०० किंवा १५.६ इंची १९२०×१०८०. दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे.
- दिवसभर वाचन-लेखन, मुद्रितशोधन, पुस्तकाची मांडणी: २५६०×१६०० किंवा २८८०×१८००. देवनागरीसाठी हा खर्च वाया जात नाही.
- गेमिंग: जितके ठिपके जास्त तितकं ग्राफिक्स कार्डावर ओझं. २५६०×१६०० म्हणजे फुल एचडीच्या जवळजवळ दुप्पट ठिपके, दर क्षणाला रंगवायचे. कार्ड मध्यम असेल तर फुल एचडी आणि १२० किंवा १४४ हर्ट्झ (म्हणजे काय, ते पुढे सांगतो) हा मेळ बरा.
- फोटो, व्हिडिओ: आधी रंग, मग रिझोल्यूशन. का, ते पुढे येतंच.
- ज्येष्ठ नागरिक: १५.६ किंवा १६ इंच, फुल एचडी, १५० टक्के स्केल. १३ इंची देखण्या लॅपटॉपच्या मोहात पडू नका.

आकडे बरोबर, तरी स्क्रीन वाईट

फुल एचडी म्हणजे चांगली स्क्रीन, हा समज पक्का बसला आहे. कंपन्यांनाही तो ठाऊक आहे, म्हणून स्वस्त लॅपटॉपमध्ये आता काटकसर रिझोल्यूशनमध्ये होत नाही, बाकी सगळ्यात होते. पुढचे चार मुद्दे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

उजेड. तो निट्समध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट्स असतात, म्हणजे बंद खोलीत ठीक. खिडकीपाशी, गॅलरीत, दिवसा रेल्वेत बसून काम करायचं असेल तर ते अपुरे पडतात. ३०० हा किमान आकडा धरा, ४०० असेल तर उत्तम. हा आकडा जाहिरातीत दिलेलाच नसेल तर तो बहुधा सांगण्यासारखा नसतो.

रंग. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. नेहमीच्या इंटरनेटवरच्या चित्रांसाठी जो रंगपट्टा गृहीत धरतात त्याला एसआरजीबी म्हणतात, आणि ४५ टक्के एनटीएससीची स्क्रीन त्यातला ढोबळ दोन तृतीयांश भागच दाखवू शकते. लाल विटका दिसतो, केशरी फिकट पडतं. ऑनलाइन साडी बघून मागवणाऱ्यांना हे जास्त भोवतं. ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ असेल तर व्यवहारात दोन्ही जवळपास सारखंच आणि दोन्ही चांगलं. फक्त ७२ आणि १०० हे आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांचे आहेत, त्यांची आपसात तुलना करू नका.

पॅनेलचा प्रकार. टीएन पॅनेल स्वस्त. समोरून ठीक, पण स्क्रीन थोडी मागे कलली किंवा शेजारी बसून कोणी पाहिलं की रंग उलटेपालटे होतात. आयपीएसमध्ये तसं होत नाही. काही कंपन्या टीएनचं नाव न घेता ‘एसव्हीए’ असं लिहितात, ते दिसलं तर टीएन समजा.

ओलेडची वाट निराळी. काळा खराखुरा काळा, रंग झगझगीत, सिनेमाला तोड नाही. पण अनेक ओलेड स्क्रीन चकचकीत काचेच्या असतात आणि मागच्या खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडतं. टास्कबारसारखी स्थिर गोष्ट रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली तर काही वर्षांनंतर तिचा डाग उमटण्याची शक्यता असते. कमी उजेडावर काही ओलेड स्क्रीन अतिशय वेगाने लुकलुकतात. बहुतेकांना ते कळतही नाही, काहींचं मात्र डोकं दुखतं. तुम्हाला अर्धशिशीचा त्रास असेल तर उजेड कमी करून दुकानात पाच-दहा मिनिटं वाचून बघा. दिवसभर एक्सेल उघडं ठेवणाऱ्याने आयपीएस घ्यावं.

चकचकीत की मॅट. स्पेसिफिकेशनमध्ये ‘अँटी-ग्लेअर’ असेल तर मॅट. ट्यूबलाइटखाली काम करणाऱ्यांना तेच बरं.

हर्ट्झचा आकडा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो, अभ्यासाला-ऑफिसला ६० पुरे. ९० किंवा १२०वर पान सरकवताना गुळगुळीत वाटतं, बॅटरी थोडी जास्त जाते.

दुकानात गेल्यावर

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तापकीर गल्ली असो की गावातली शोरूम, पद्धत एकच:

1. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर खोक्यावरून लिहून घ्या. पुढचं नाव सारखं असलं तरी शेवटची अक्षरं बदलतात आणि त्यासोबत पॅनेल बदलतं. समोर ठेवलेला डेमो एक आणि खोक्यातला दुसरा, असं सर्रास होतं.
2. तो पूर्ण नंबर तिथेच फोनवर शोधून कंपनीच्या पानावरची ‘डिस्प्ले’ची ओळ वाचा.
3. ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘रेकमेंडेड’ आकडा बघा. ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये हर्ट्झ कळतात.
4. चार्जर काढून बघा. अनेक लॅपटॉप बॅटरीवर आपोआप उजेड उतरवतात.
5. स्क्रीन पुढेमागे कलवा, बाजूला उभं राहून बघा.
6. फोनमधली एखादी मराठी पीडीएफ त्यावर उघडा, डिजिटल सातबारा किंवा वर्तमानपत्राचं ई-पान. १०० टक्के झूमवर जोडाक्षरं वाचा. ही परीक्षा कुठल्याही विक्रेत्याच्या डेमो व्हिडिओपेक्षा खरी. डेमोतले समुद्र आणि पोपट कुठल्याही स्क्रीनवर छान दिसतात.
7. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. जमल्यास रिझोल्यूशनही. ‘लॅपटॉप, १ नग’ असं बिल घेऊन घरी येऊ नका.

ऑनलाइन घेताना

शीर्षकातलं वाक्य विक्रेत्याने रचलेलं असतं, त्यात चुका असतात. तक्ता आणि शीर्षक जुळत नसतील तर ते पान सोडून द्या. ऑर्डरच्या दिवशीच पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण नंतर पान बदलू शकतं. लॅपटॉपवर अनेकदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते, तीही काही दिवसांतच. ती अट आधी वाचा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

यूट्यूबवरच्या परदेशी समीक्षांबद्दल एक सूचना. तिकडे विकलं जाणारं मॉडेल आणि इथलं मॉडेल यांचं नाव एक असलं तरी पॅनेल वेगळं असू शकतं. अमेरिकेतून ताई-भावजी लॅपटॉप घेऊन येणार असतील तर त्यांनाही पूर्ण नंबर विचारा, आणि त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे कंपनीच्या साइटवर बघून मगच हो म्हणा.

जुना किंवा रिफर्बिश्ड

इथे सर्वाधिक सावधगिरी हवी. ऑफिसमधून निघणारी मॉडेल, उदाहरणार्थ लेनोवोचा थिंकपॅड टी४७०, १३६६×७६८ आणि १९२०×१०८० अशा दोन्ही स्क्रीनमध्ये आली होती. बाहेरून ओळखू येत नाहीत. चालू करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्क्रीन आधी बदललेली आहे का, तेही विचारा.

‘एचडी घ्या, नंतर फुल एचडी पॅनेल टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर कनेक्टर ३० पिनांचा आहे की ४०, केबल तीच चालेल का आणि एकूण खर्च किती, हे आधीच लेखी घ्या. कित्येकदा हिशेब असा निघतो की फुल एचडीचाच जुना लॅपटॉप स्वस्त पडला असता.

बाहेरचा मॉनिटर लावणार असाल तर

एचडीएमआय १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजं होतं आणि माऊस अडखळल्यासारखा चालतो. ४के मॉनिटर घ्यायचा असेल तर लॅपटॉपवर एचडीएमआय २.० हवं. यूएसबी-सीचं भोक आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर जाईलच असं नाही, तेही स्पेसिफिकेशनमध्ये पाहून घ्या.

सांगितलं एक, निघालं दुसरं: तुमचे हक्क

फुल एचडी सांगून १३६६×७६८ हातात दिलं, तर तो तुमच्या नशिबाचा भाग नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूबद्दल खोटं वर्णन करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ऑनलाइन खरेदीला २०२०चे ई-कॉमर्स नियमही लागू होतात. जाहिरात केल्याप्रमाणे वस्तू नसेल तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘आमची नो-रिटर्न पॉलिसी आहे’ हे उत्तर इथे चालत नाही.

क्रम असा ठेवा:

1. पुरावा गोळा करा: बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, खोक्यावरचं लेबल, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’चा फोटो आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर.
2. विक्रेत्याला ईमेलने तक्रार द्या. फोनवरच्या बोलण्याचा उपयोग नाही. ऑनलाइन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार सोडवणं नियमाने बंधनकारक आहे.
3. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन करा. मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
4. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

कुठे हक्क चालत नाही हेही सांगितलं पाहिजे. स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी स्पष्ट लिहिलं होतं आणि तुम्ही ते वाचलं नाही, तर ‘रंग फिके आहेत’ ही तक्रार टिकणार नाही. स्क्रीन दाबून किंवा पडून फुटली तर साध्या वॉरंटीत बसत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. मार न लागता स्क्रीनवर उभी-आडवी रेघ आली तर मात्र वॉरंटीत दुरुस्ती मागा.

आणि मेलेला ठिपका. एखादा पिक्सेल कायमचा काळा किंवा कायमचा पेटलेला राहिला, तर एकाच ठिपक्यासाठी बहुतेक कंपन्या पॅनेल बदलून देत नाहीत. किती ठिपके बिघडले की बदलायचं, हे प्रत्येक कंपनीच्या वॉरंटी-धोरणात लिहिलेलं असतं. दुकानाच्या किंवा ऑनलाइन विक्रेत्याच्या बदलीच्या मुदतीत मात्र एका ठिपक्यासाठीही वस्तू बदलून मागून बघता येते. म्हणून लॅपटॉप घरी आल्या दिवशीच पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं अशी पाच कोरी चित्रं पूर्ण स्क्रीनभर एकेक करून लावा, खोलीतला दिवा मालवा आणि कोपऱ्यांपासून सुरुवात करून सगळी स्क्रीन नजरेखालून घाला.